सहाच्या सहा गोळ्या
येलहंका. शुक्रवार, संध्याकाळ.

दुपारपासून कोणाच्या नजरेला नजर देता येत नाही.

शाळेतून आलेली सई चार वाजता माझं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरून हॉलमध्ये आली. "आजोबा, हे केवढं जड आहे!" सहा वर्षांची नात. मी ते हिसकावून घेतलं आणि तिच्या थोबाडीत दिली. मग उघडून पाहिलं. सहाच्या सहा गोळ्या भरलेल्या. कपाटाची किल्ली कपाटालाच.

ती हुंदके देत म्हणाली, "सॉरी आजोबा, परत नाही हात लावणार." आणि मी म्हणालो, "ठीक आहे." काय ठीक आहे? चूक कोणाची होती?

सूनबाईने, सोनलने, गेल्याच महिन्यात विचारलं होतं, "बाबा, ते कुलपात असतं ना? गोळ्या वेगळ्या ठेवता ना?" मी फटकारलं, "वीस वर्षं फौजेत काढलीत, मला शिकवू नकोस." फौजेत असं ठेवलं असतं तर माझी धडगत नव्हती. सहाच्या सहा!

सोनल ऑफिसातून आल्यावर सगळं सांगितलं, गोळ्यांचंही. ती एवढंच म्हणाली, "उद्या ते घराबाहेर गेलं पाहिजे." सकाळीच परवाना घेऊन बंदुकीच्या दुकानात जमा करतो.

नंतर सईजवळ गेलो. म्हटलं, "तू नाही गं, मी चुकलो."

तिने जरा विचार केला. "मग तुम्हाला कोण मारणार?"