पडून असलेल्या माणसाची भाकरी

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज वसमतला डॉक्टरांकडे जाऊन आले. बाबा गेल्यापासून घरात बसूनच असते, चक्कर येते. काय खाता, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, अर्धी भाकरी. काम काहीच नाही, मग जास्त लागते कशाला? ते म्हणाले, "ताई, नुसतं पडून राहिलं तरी शरीर काम करून राहिलंय. हृदय, श्वास, अंगातली ऊब. दिवसाच्या निम्म्याहून जास्त कॅलरी त्यातच जातात."

अर्धी भाकरी. खुब्याचं हाड मोडल्यावर बाबाही तेवढीच घ्यायचे. जन्मभर हळदीच्या रानात मजुरी केलेला माणूस. मी आग्रह केला की म्हणायचे, "काम न्हाई तर भाकर काहून खाऊ? नांगर हाकून आलो व्हय मी?" मी उरलेली अर्धी टोपलीत ठेवून द्यायचे.

म्हणजे खाटेवरही ते राबतच होते. अर्ध्या भाकरीवर. काम चालू आहे असं कुणी सांगितलं असतं, तर जेवले असते का? असते. कामाचं म्हटल्यावर नक्की जेवले असते.

संध्याकाळी एकटीपुरता भात टाकला. ताट रिकामं होईपर्यंत उठले नाही.