शाळेच्या खिचडीचे तांदूळ

माय,

आज रोहणा गावच्या शाळेत होते. माझं काम तुला सांगायचं राहूनच गेलं. मुलं गणित कशी शिकतात, चुकतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे मी शोधते. याचा पगार मिळतो म्हटल्यावर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. आज चौथीतल्या एका मुलीनं बावन्नातून सतरा वजा केले आणि उत्तर लिहिलं पंचेचाळीस. चूक खोडायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी नेहमीसारखं विचारलं, "कसं काढलंस?" ती पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "चुकलं त थेट सांगा ना मॅडम. का खरंच ऐकाचं हाय तुमाले?" त्यानंतर ती काय बोलली, माझं धड लक्षच नव्हतं. तू आठवलीस.

तळेगावच्या शाळेत तू खिचडी शिजवायचीस. चूल पेटवायच्या आधी प्रत्येक वर्गाच्या दारात जरा वेळ उभी राहायचीस, काही न बोलता परत यायचीस आणि ओंजळीनं तांदूळ खिचडीच्या मोठ्या गंजात टाकायचीस. वजनकाट्याला कधी हात लावला नाहीस. खिचडी कमी पडल्याचं किंवा उरल्याचं मला आठवत नाही. मी सातवीत, नुकतंच त्रैराशिक शिकलेली, अंगात शहाणपण मावत नव्हतं. एक दिवस चुलीपाशी येऊन ऐटीत म्हणाले, "माय, असं अंदाजानं नसते करत. हजेरी पाहाची, माणशी गुणाचं, झालं." तू माझ्या आकड्याप्रमाणे तांदूळ काट्यावर मोजून घेतलेस. अर्धा गंज उरला. हजेरी सकाळची होती. दुपारपर्यंत कोण घरी पळालं, कोणाचा उपास होता, कोण तापानं मलूल होतं, हे त्या कागदावर कुठून असणार? मुख्याध्यापक तुझ्यावर ओरडले. मी खांबाआड उभी होते. तू म्हणालीस, "माहाच हात चुकला, सर." संध्याकाळी मी बोलणी खायची वाट पाहत बसले, तर तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "तुह्यं गणित बराबर होतं. शिकत राहजो."

शिकले. आता कुठल्याही मुलासमोर बसते आणि विचारते, कसं काढलंस. तुला एकदाही विचारलं नाही. दारात उभी राहून तू काय पाहत होतीस, कोणत्या वर्गाला किती ओंजळी धरत होतीस, हे तुझ्याबरोबर गेलं. सांगू शकेल असं आता कोणी नाही. सिंदी मेघे गावातल्या खोलीत मी एकटीपुरता भात लावते. वाटी हाताशी असते, तरी ओंजळीनंच घेते. रोज उरतो.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. मागच्या महिन्यात ते मुख्याध्यापक सर भेटले. खूप थकलेत. माझं भरभरून कौतुक केलं आणि मग हसत म्हणाले, "तुह्या मायनं एकदा किती खिचडी उरवली होती, आठवते का? हात चुकला होता तिचा."

मी म्हणाले, "हो सर, आठवते."