डाव्या हाताची भाकर

मु. पो. कुरुंदा, ता. वसमत
दि. २७ एप्रिल २०२५

आदरणीय जाऊबाई सुमनबाई यांना धाकट्या जावेचा, सरिताचा जयभीम.

आम्ही सारे इकडे खुशाल आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण तोंड चांगलं चालतं. तुमची, किशनरावांची आणि लेकरांची खुशाली मुंजाजीकडून कळत असते. त्याची जीप तुमच्या गोरेगावला जाते म्हणून त्याच्याच हाती हे पत्र देऊन राहिले. फोनवर मला एवढं बोलता आलं नसतं. कागद तुमच्या आकांक्षाच्या एका बिघडलेल्या छपाईचा आहे. मागची बाजू कोरी होती, टाकून द्यायचं जिवावर आलं. छापलेल्या बाजूचं मी शेवटी सांगते, तोवर तिकडं ध्यान देऊ नका.

तुमच्या लेकीचं पुण्याचं शिक्षण आता संपत आलं. डिझाइन म्हणजे काय ते मला पहिली दोन वर्षं समजलंच नव्हतं. विहारात बाया विचारायच्या, तर मी सांगायची की चित्रकलेचं मोठं कॉलेज आहे. आता थोडं समजतं. आमच्या बचत गटासाठी तिनं मोबाइलचं अ‍ॅप केलं. हिशेब मीच लिहिते, तर माझ्यापाशी बसून एकेक गोष्ट विचारून घेतली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेळीचं चित्र दाबलं की शेळीचं कर्ज दिसतं, शिलाई मशीन दाबली की मशीनचं. चंदाबाई रोज शेळी दाबून बघते, कर्ज कमी झालं का म्हणून.

मग एक गेम केला. त्यात जीप आहे, रस्त्यानं माणसं, गाठोडी, कोंबड्या घेत जायचं. मुंजाजीला खेळायला दिला तर म्हणाला, "पोरी, हे खोटं हाय. तुही जीप टायमावर निघून राहिली." हळदीच्या पाकिटाची जाहिरात केली, त्यावर आपल्या गल्लीतली हळद शिजवायची कढई आहे. ते पाकीट पाहून एका दुकानदारानं तिला काम दिलं.

हे सगळं तुम्हाला काहून सांगते? सांगायला दुसरं हक्काचं कोणी नाही म्हणून.

भीमराजदादा गेल्यावर तुमचं दुसरं लग्न ठरलं, तेव्हा पोरगी इथंच राहील असं या घरानं ठरवलं. तुम्हाला कोणी विचारलं नाही आणि मला तर नाहीच नाही. चार वर्षांचं लेकरू माझ्या ओटीत आलं. मला मूल झालं नाही हे तुम्हाला माहीत आहे. विहारात दिवा लावते तेव्हा तुमचं नाव मनात येतंच. माझं घर ज्यानं भरलं ते तुमच्या घरातून गेलेलं आहे, हे मी एक दिवस विसरले नाही. ती मला काकू म्हणते. आई म्हण, असं मी कधी शिकवलं नाही.

आता शेवटच्या कामाचं सांगते. ते एआय म्हणतात, त्याला लिहून सांगितलं की ते चित्र काढून देतं. आकांक्षानं चुलीपुढं भाकर थापणारी बाई मागितली. चूल बराबर आली, परात आली, पण तिला पाहिजे तो हात येईना. एकदा तर बाईला तीन हात दिले. सर म्हणाले, हाताला कोण बघतं, राहू दे. पोरगी ऐकेना. शेवटी तो हात तिनं स्वतः काढून त्या चित्रात बसवला.

मागच्या महिन्यात घरी आली तेव्हा ते चित्र दाखवलं. बाईच्या अंगावर पिवळं लुगडं, माझं आहे तसलं. आमचे मालक म्हणाले, "अगं, ही तर तूच." मला बरं वाटलं. चहात साखर थोडी जास्त पडली त्या दिवशी.

सासूबाईंनी लॅपटॉप डोळ्यापाशी धरला आणि चित्रातल्या हातावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ही सरिता न्हाई. ही डावरी हाय. हा सुमनचा हात हाय."

तुम्ही डाव्या हातानं थापायच्या म्हणून याच सासूबाई तुमच्या हातावर उलथणं मारायच्या. पोरगी खाली बघत बसली. तुमचा एक फोटो या घरात ठेवलेला नाही. तिला तेवढा हात आठवत होता.

मला वाईट वाटलं का? वाटलं. रोज पंचशील म्हणते, खोटं कसं लिहू? पण परातीत पीठ मळता मळता ते उतरलं. जिनं एवढ्या लहानपणचा हात सांभाळून ठेवला, ती माझंही काही विसरणार नाही, असं मनानं घेतलं.

काल रात्री सासूबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "बोलावून घे तिला. माझं नाव सांग." म्हणून हे पत्र.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, रविवारी, पुण्याला कॉलेजात त्यांचं प्रदर्शन आहे. ते चित्र तिथं भिंतीवर लागणार. घरच्या दोघांना बोलावलं आहे. पोरीनं मला विचारलं, "काकू, तुझ्यासंगं कोण येईल?" काकांचं नाव तिनं घेतलं नाही. त्यांच्या जागी तुम्ही याल असं मालकांना मी सांगितलं, ते हसून व्हय म्हणाले. किशनरावांना विचारा, भला माणूस आहे असं मुंजाजी सांगतो. शनिवारी हिंगोलीच्या स्टँडवर या, आपण दोघी एसटीनं जाऊ, बायांना अर्धंच तिकीट आहे. भाकरी मी बांधून घेते. तिथं मी तिच्यापाशी पुढं पुढं करणार नाही, मागं उभी राहीन.

आता कागद उलटा करा. त्या एआयनं पहिल्यांदा काढलेलं चित्र आहे, म्हणून त्यातली बाई उजव्या हातानं भाकर थापते. ते बघून, ही मी नाही, असं म्हणू नका. बराबर हात पुण्याला आहे. तो तुम्ही येऊन बघा.

वाट पाहणारी,
आपल्या लेकीची काकू
सरिता