तिचं उत्तर

अंबरपेठ

परागराव, सासऱ्याचा आशीर्वाद.

सकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, "भाग्यलक्ष्मी बरी झाली का? घरी आणू का?" मी नुसता हं हं करत राहिलो.

संक्रांतीपासून लेक माझ्याकडे आहे. चिक्कडपल्लीला तिची डीबीटी म्हणतात ती मानसोपचाराची शिकवणी चालू आहे. राग, रडं उसळून आलं की ते कसं निभवायचं, हे तिथे शिकवतात. फोनमधून तुमचा प्रश्न तिनेही ऐकला आणि हातातलं ताट उगारलं. मी डोळेच मिटले. पण ती ताट ठेवून मोरीकडे गेली, तिथे शिकवलंय तसं बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवलं. ओल्या तोंडाने म्हणाली, "नाना, आत्ता बोलले तर तोडून बोलेन. जरा थांबा."

थकलोय हो मी. पण थांबलो.

आत्ता चहा घेऊन आली. "कोणाला लिहिताय?"

"परागरावांना. तू बरी आहेस म्हणून."

"राग अजून येतो, नाना. आवरायलाही येतो थोडा. दोन्ही खरं आहे. पण ते मला विचारायचं ना त्यांनी."

"हौ, तुझं बरोबर आहे."

"मग मीच सांगते."

आत ती फोनवर तुमच्याशीच बोलते आहे. आवाज चढला, आता पुन्हा हळू बोलते आहे. मी लिहिणं इथेच सोडतो.

तुमचा,
उमाजी