असू दे म्हणजे नको

सोमवार, ४ नोव्हेंबर

चारदा टोचलं आज. चौथ्यांदा सुई आत ठेवूनच फिरवली, कोटाच्या खिशात किल्ली शोधावी तशी. मग अंगठ्यापर्यंत असा झटका गेला की मी खुर्चीतून उठलेच. विजेचा बसतो तसा. रक्त आलं नळीच्या तळाला थेंबभर. एवढ्यावर तपासणी होत नाही म्हणे, उद्या परत या.

टोचणाऱ्या नर्स पोरीचं नाव एथ्ना. नवीन आहे. मला "राणी" म्हणते. राणीला कोण असं भोसकतं?

डावा हात चालत नाही — त्या बाजूचं स्तन काढलं, काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून त्याला सुई लावायची नाही. छातीत औषधासाठी नळी बसवली होती, ती चिघळली, काढली. राहिला उजवा. त्याच्या शिरा औषधाने सुतळीसारख्या झाल्यात. रक्त मिळालं नाही तर औषध नाही. औषध मिळालं नाही तर — हे वाक्य डिम्फना मला पुरं करू देत नाही. मुलगी माझी. बंदरापासून इस्पितळापर्यंत गाडी तीच चालवते, आणि सगळा रस्ता तीच बोलते.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

परत गेलो. दुसऱ्या कुणीतरी मनगटाच्या मागून काढलं, मुकाट्याने. अंगठा आणि शेजारची दोन बोटं कालपासून बधिर आहेत ती आहेतच.

ही वही डिम्फनाने आणली. काय काय त्रास होतो ते डॉक्टरांसाठी लिहीत जा म्हणाली. डॉक्टरांना दाखवणार नाही. शाळा सोडून मासळीच्या कामाला गेले तेव्हापासून माझं अक्षर कुणाला लागत नाही. आता पेन धरता येत नाही, तर मलाही लागत नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

कप सुटला हातातून. निळा, चांगल्यातला. कप गेल्याचं काही नाही. सुटलेला कळला नाही, ह्याचं वाटलं.

डिम्फनाला म्हटलं, इस्पितळातल्या मोठ्या बाईंना सांगते. तर तीच घाबरली. "आई, त्या बिचाऱ्यांना बसायला सवड नाही. आणि परत त्यांच्याकडेच जायचंय ना तुला?"

तेच तर! म्हणून कुणी तोंड उघडत नाही. सुई त्यांच्या हातात, हात आपला.

आणि तक्रार काय करायची? दोनदा चुकल्यावर मी म्हणाले होते, असू दे. तिसऱ्यांदा चुकल्यावर पुन्हा म्हणाले, असू दे गं. पोरगी म्हणाली, "असू दे कसं? मिळेल आता!" आणि खुपसली.

तिला दोष तरी कसा देऊ? ह्या भागात "नको" म्हणायची रीतच नाही. कुणाच्याही घरी जा. चहा घेणार? — असू दे. अहो घ्या हो — नाही, खरंच असू दे. की झाला ओतून! न ओतणारी बाई चिक्कू म्हणून गावभर होते. एथ्नाच्या आईने तिला चांगलं वळण लावलंय. असू दे म्हणणाऱ्याला आग्रह करायचा. माझा हात तिला चहाचा कप वाटला.

सोमवार, ११ नोव्हेंबर

बाहेर खुर्च्यांवर पॅकी भेटला. डोंगरावर मेंढ्या असतात त्याच्या, आता भाऊ बघतो. त्यालाही माझ्यासारखंच, फक्त पोटात. त्याच्या शिरा हातावर दोरखंडासारख्या, आंधळ्यालाही सापडतील. मला म्हणतो, "मेना, तुझ्या शिरा तुझ्यासारख्याच. कुणी येताना दिसलं की दार लावून घेतात."

म्हटलं, तुझ्या तुझ्यासारख्या. रस्त्यात उभ्या, कुणाशीही गप्पा मारायला.

हसला. हसताना खोकला आला, तो थांबेना.

आत पुन्हा एथ्ना. ती माझ्या हाताकडे न बघता शिरेकडे बघत होती. दोनदा चुकली. ओठावर तेच आलं — असू दे. गिळलं. पण दुसरा शब्द काही येईना. ह्या वयात एक शब्द येईना! तिसऱ्यांदा शीर लागली. कोपरापासून खाली जांभळं झालंय.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

डिम्फनाने कुठल्याशा संताचा हातमोजा आणला. सगळ्या आजाऱ्यांच्या घरी फिरतो तो. पुढच्या आठवड्यात नेणारं घर ठरलेलंय. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलाय, हात घालायचा नाही, दुखऱ्या जागी नुसता टेकवायचा. म्हटलं, आत हात घालू दिला असता तर ऊब तरी मिळाली असती. ती रागावून चूल पुसत बसली, स्वच्छ असलेली.

रात्री न सांगता अंगठ्याला टेकवला. काही नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

डिम्फना गाडी लावायला गेली, तेवढ्यात मी मिसेस मकगिनलींच्या खोलीत शिरले. त्याच मोठ्या बाई, विभागाच्या मुख्य. साठीच्या आतल्या, पण चेहरा माझ्यापेक्षा दमलेला.

सगळं सांगितलं. कप, अंगठा, पेन. त्यांनी बोटं एकेक दाबून पाहिली, टाचणीचं टोक लावून विचारलं, कळतंय का. मग म्हणाल्या, "नस दुखावलीय. येईल हळूहळू. कदाचित नाही येणार. मेना, तुम्ही थांब म्हणाला होतात का?"

"असू दे म्हणाले. दोनदा."

त्याही इथल्याच. असू दे म्हणजे काय ते त्यांना मी काय सांगणार?

मग म्हणाल्या, एकाने दोनदाच टोचायचं, तिसऱ्यांदा दुसऱ्याला बोलवायचं, हा इथला नियम आहे. झटका बसला की सुई त्या क्षणी बाहेर. आणि रोगी नको म्हणाला की कुठल्याही क्षणी बाहेर, कारण विचारायचं नाही. एथ्नाशी त्या बोलतील. तिला एकटीला खोलीत सोडलं ती चूक आमची.

मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत?

"कुणी विचारत नाही."

"विचारत नाही कारण कुणाला माहीत नाही!"

"खरंय," म्हणाल्या. एवढंच. वाद घालतील म्हणून मी तयारीने गेले होते, ती वाया गेली.

रक्त त्यांनीच काढलं. आधी हात गरम पाण्याच्या भांड्यात ठेवला. दोन पेले पाणी प्यायला लावलं. हात खुर्चीखाली लोंबू दिला. पट्टा सैल बांधला — करकचून बांधला की म्हाताऱ्या शिरा फुटतात म्हणाल्या. दिव्याकडे बघत नुसत्या बोटाने चाचपल्या. बांगडे साफ करायला नवीन बाई आली की मी तेच सांगायची, बघू नको, बोटाने काटा शोध. पहिल्याच खेपेला लागली. मुंगी चावली तेवढंच.

निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी असू दे म्हणू नका. नको म्हणा."

जसं काही सोपंय!

गुरुवार, २१ नोव्हेंबर

स्वयंपाकघरात एकटी असताना म्हणून बघितलं. नको. कुत्र्यावर खेकसल्यासारखं वाटलं.

सोमवार, २५ नोव्हेंबर

पॅकी नव्हता. त्याच्या खुर्चीवर कुणाचा तरी ओला कोट. विचारलं नाही.

एथ्ना. पाणी गरम करून तयार ठेवलं होतं, "राणी" म्हणाली नाही. एकदा चुकली. दुसऱ्यांदा सुई आत गेली आणि अंगठ्यापर्यंत ती कळ निघाली. मी म्हणाले, "नको. काढ."

डिम्फना कोपऱ्यात बसली होती, तिच्या मानेपर्यंत लाली चढली. आईने चारचौघांत शिवी दिल्यावर चढते तशी.

सुई बाहेर आली. तेवढंच झालं. छत कोसळलं नाही. एथ्नाने कापूस दाबला, मिसेस मकगिनलींना बोलावून आणलं, आणि त्यांच्या मागे उभं राहून त्यांचं बोट कुठे फिरतंय ते बघत राहिली. डोळे भरले होते तिचे. मी काही समजूत घातली नाही. दुखणं माझं होतं.

गाडीत डिम्फना म्हणाली, "जरा गोड बोलली असतीस."

म्हटलं, गोड बोलून झालं, म्हणून हा अंगठा असा झालाय.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

पॅकी बुधवारी गेला. भाऊ मेंढ्या विकतोय.

सोमवार, २ डिसेंबर

आज यंत्रात झोपवून पूर्ण अंगाची तपासणी. त्यालाही सुई. एकदाच, लागली. डिम्फना म्हणते हा चांगला शकुन.

गुरुवार, ५ डिसेंबर

औषधाने काही केलेलं नाही. यकृतातही आहे आता. डॉक्टर लॅव्हेल तरुण बाई आहेत, सांगताना माझ्याकडे बघितलं, बरं वाटलं. म्हणाल्या, अजून एक औषध आहे. जोरात आहे. दर आठवड्याला रक्त द्यावं लागेल. थोडे महिने मिळतील, कदाचित तेही नाही. करून बघू या?

डिम्फना म्हणाली, हो, हो, नक्की.

मी म्हणाले, नको.

डॉक्टरांनी दोघींकडे बघितलं, आणि मग नुसतं माझ्याकडे. मी पुन्हा म्हणाले.

सगळा रस्ता डिम्फना एक अक्षर बोलली नाही.

घरी आल्यावर तिने किटली ठेवली. माझ्याकडे पाठ करून विचारलं, चहा घेणार? सवयीने नको म्हणाले — आता तोच शब्द तोंडात बसलाय.

तिने ओतला नाही. दुसऱ्यांदा विचारलंही नाही. किटलीखालचा गॅस बंद केला आणि उभी राहिली तशीच.

चहा हवा होता खरं तर.