पेटीवरची देवी आणि कामठीचे पाहुणे

प्रताप नगर, नागपूर
मे महिना, भर उन्हाची दुपार

चि. सौ. जयवंताले कौशल्याअक्काचे पोटभर आशीर्वाद.

लाईट गेल्यावर सगळ्यात पहिले धावत आली ते रंभाबाई. कामठीचे पाहुणे तेव्हा घरातच बसले होते. पण थांब, तुझं गुडघं कसं आहे ते विचारायचंच राहिलं. तेल लावून राहिली ना? जावईबापूंचा खोकला बसला का? अन् म्हैस व्याली ना, काय झालं, हेला की पारडी? (मागच्या पत्रात तू व्याहीणबाईच्या बांगड्यांबद्दल दोन पानं लिहिली अन् नेमकं हेच विसरली.) आमच्याकडे सारे खुशाल. ऊन असं तापून राहिलं की दोरीवर लुगडं टाकून पाठ फिरवली की ते पापडासारखं वाजते. पण मी भल्ली मजेत आहे, अन् काहून मजेत आहे तेच सांगायले बसली. अंतर्देशीयात मावत नाही म्हणून सुनेकडून पाकीट मागून घेतलं. चार बुकं शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून वाचजो.

तर रंभाबाई. आमच्या भिंतीले भिंत लागून राहते ते. ते काहून धावत आली हे समजायचं तर पेटीपासून सुरू करावं लागते. तुझ्या भाच्यानं, मारोतीनं, यंदा एसी आणला. मी त्याले पेटी म्हणते, कारण दिसते ते पेटीच. समोरच्या खोलीच्या खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा आपला जुना कूलर होता, त्याले मागच्या अंगणात काढला अन् तिथं पेटी बसवली. (कूलरमध्ये आता मांजर व्याली आहे. पिल्लं गोड आहेत, एक तुले देईन.) पेटीले पाणी घालावं लागत नाही, वाळ्याचा वास येत नाही, नुसती घुर्रघुर्र करते अन् खोली माघातल्या पहाटेसारखी होते. गल्लीत पेटीवालं घर आपलंच. मारोतीची मान अशी ताठ झाली की मले वाटलं उसण भरली.

पण गल्लीले वीज देणारी डीपी एकच, अन् ते बसवली तेव्हा गल्लीत घरं थोडी होती. दिवसा काही नाही. दिवेलागण झाली की घरोघरी दिवे लागतात, पंखे फिरतात, कूलर सुरू होतात, टीव्ही लागते, अन् त्याच वेळेले आमचा मारोती हापिसातून येऊन पेटीचा खटका दाबे. पेटी एकदा खाकरली की साऱ्या गल्लीचे दिवे पिकल्या लिंबासारखे पिवळे. रंभाबाईच्या टीव्हीतला बातम्या सांगणारा माणूस चहूबाजूनं आक्रसून इवलासा होऊन जाय. मग ते कुंपणावरून ओरडे, "कौशल्याबाई, तुमचं घर गारठलं असंन तर माझा बातम्यावाला सोडा बापा, त्याचा जीव घुसमटून राहिला!"

वीजवाल्यांनी पेपरातही छापलं होतं, की संध्याकाळी साऱ्या शहराची ओढ एकदमच पडते, तर दिवेलागणीपासून निजानीज होईपर्यंत असली मोठी यंत्रं बंद ठेवा. मारोतीनं ते आम्हाले मोठ्यानं वाचून दाखवलं. पेटीसमोर बसून. मी म्हटलं, मग कर ना बंद. तर म्हणते, "आई, ते लोकांसाठी आहे." मी म्हटलं, "काहून गा, तू ढोर आहेस का?" ऐकलं नाही. सुनेनं सांगून पाहिलं, नातीनं, चारुशीलानं, सांगून पाहिलं. शेवटी मी देवघरातली देवीची तसबीर आणली अन् खटक्याच्या वरच्या खिळ्याले अशी टांगली की खटका बरोबर देवीच्या मागं गेला. रोज दिवेलागणीले तिले कुंकू लावायचं, फूल वाहायचं, उदबत्ती फिरवायची, अन् जेवणं होऊन गल्ली निजली की तिले परत देवघरात न्यायची. आपला मारोती कितीही शिकलेला असला तरी पूजा केलेली देवी दिवेलागणीले हलवायची त्याची हिंमत नाही. पहिल्या दिवशी हात पुढं केला, देवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अन् डोकं खाजवत अंगणात जाऊन बसला. तेव्हापासून गल्लीत दिवे पांढरे. रंभाबाईनं मले कैरीचं लोणचं आणून दिलं. (मीठ जास्त होतं, पण मनापासून होतं.)

आता मुद्द्यावर येते. आपल्या चारुशीलाले पाहायले कामठीचे चंपतराव येणार होते. त्यांचे कामठीत यंत्रमाग आहेत, मुलगा गिरिधर तेच पाहते. पोट्टीनं त्याले तिच्या मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं. मले काही बोलली नाही, पण कामठी म्हटलं की पदराचं टोक पिळत होती, मी काय आंधळी आहे? म्हणून माझा जीव टांगणीले लागला होता. हे स्थळ जाऊन चालणार नव्हतं.

दुपारच्या उन्हात कसं यावं म्हणून त्यांनी संध्याकाळ धरली. झालं! मारोतीनं त्यांच्याजवळ आधीच पेटीचा डंका पिटलेला. म्हणे, "आई, आजच्या दिवस देवीले उठव." मी म्हटलं, "तूच उठव बापा, तुझी हिंमत असंन तर." अन् पाहुण्यांची जीप दारात वाजताच त्यानं डोळे मिटले, देवीची माफी मागितली, तसबीर उचलून सोफ्यावर ठेवली अन् खटका दाबला. चंपतराव आत आले, त्यांची बायको प्रेमिलाबाई आल्या (कडक जरीचं लुगडं, आवळलेला अंबाडा, घामानं कुंकू नाकापर्यंत आलेलं), गिरिधर आला. सारे बसले. पेटी खाकरली. चंपतराव म्हणाले, "वा!" अन् डीपीवर धाडकन आवाज होऊन सारी गल्ली अंधारात गेली.

बंद खोली, बंद खिडक्या, पाच माणसं, अन् प्रेमिलाबाई देवीच्या तसबिरीवर बसलेल्या. त्याईले वाटलं उशी आहे. तेवढ्यात कंदील घेऊन पहिले आली ते रंभाबाई, दारातूनच ओरडत, "काय वं कौशल्याबाई, आजच देवी झोपली का? केली ना पेटी सुरू! माझी भाकर तव्यावर, मले कोळसा दिसून राहिला का भाकर ते समजत नाही!" मग कंदिलाच्या उजेडात तिले जरीचं लुगडं दिसलं. बाई जागच्या जागी पलटली. "अगं बाई, पाहुणे! मी काय म्हणत होती, आमची चारुशीला, अशी पोट्टी साऱ्या नागपुरात नाही."

मारोती भिंतीसारखा पांढरा. मी मनात म्हटलं, गेलं स्थळ. तेवढ्यात आतून चारुशीला आली. पोह्यांची ताटली हातात नाही, मान खाली नाही. सरळ खटक्यापाशी गेली अन् म्हणाली, "बाबा, आधी हा बंद करा. नाहीतर वायरमननं फ्यूज घातला की पुन्हा उडंन." अन् पाहुण्यांकडे वळून, "तुम्ही अंगणात चला. पाणी शिंपडलेलं आहे, बाजा टाकल्या आहेत. इथं बसून उकडण्यात काय हाशील?"

गिरिधर सगळ्यात आधी उठला. (मी पाहून राहिली होती.)

अंगणात बसलो. मी कैरीचं पन्हं दिलं, हातपंखे दिले. प्रेमिलाबाईनं अंबाडा सैल केला, चपला काढल्या अन् ओल्या मातीवर पाय ठेवून असा श्वास सोडला की शेजारचं कुत्रं जागं झालं. मग रंभाबाई अन् त्या, दोघींचं माहेर एकाच गावचं निघालं, अन् मग काय विचारतेस. पण चंपतराव नुसते हातपंखा हलवत बसले. मी हिंमत केली अन् पेटीची, देवीची सारी हकिगत खरी खरी सांगून टाकली. तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "आजी, माझे माग रोज दिवेलागणीलेच बंद पडतात! इकडून तिकडे धावणारा धोटा अर्ध्यात अटकते, सूत तुटते, विणकर कपाळाले हात लावून बसतात. मी रोज शिव्या देतो, की शहरात कोण बसलं असंन पेटी लावून. त्या शहरात एक बाई देवीले पहाऱ्यावर बसवते, हे मले ठाऊक नव्हतं." अन् मारोतीकडे पाहून, "तुमची आई अन् तुमची पोरगी, दोघी पसंत आहेत. तुमचं नंतर पाहू."

प्रेमिलाबाई म्हणाल्या, "कंदिलात तोंड नीट दिसलं नाही पोरीचं." गिरिधर म्हणाला, "मले दिसलं." बाजेवर सारे हसले, कुंपणापलीकडूनही हसले. सारी गल्ली तिथंच उभी होती, कोणाच्याच घरी लाईट नव्हती.

देवीची काच तडकली, पण चेहरा शाबूत आहे. तिले पुन्हा खिळ्याले टांगली. आता मारोती स्वतःच फूल वाहते.

जावईबापूंले नमस्कार, लेकरांले मुके.

तुझी अक्का
कौशल्या

ता. क. तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या दोन जाड वाकळी घेऊन ताबडतोब ये. मे महिन्यात वाकळ काहून म्हणून हसू नको. पेटी संध्याकाळी बंद असते, पण दुपारी विजेची ओढ कमी असते म्हणून मी तिले चालू देते अन् एकटीच तिच्यासमोर झोपते. भल्ली थंडी वाजते वं.

आणखी एक. दुसरी वाकळ तुझ्यासाठी नाही, चंपतरावांसाठी आहे. जीपमध्ये बसता बसता हळूच मले म्हणाले, "आजी, पोरगी पसंत पडली, पण पेटी पाहायची राहूनच गेली." म्हणून येत्या इतवारी, दुपारी, ते पेटी पाहायले येऊन राहिले.