स्टेपनीच्या जागी

तीर्थरूप बापूजी अन् माय,

दोघांच्याही पाया पडतो. आम्ही इंदूरले सुखरूप पोहोचलो. फोनवर तुम्हाले नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिलो. कानाच्या डॉक्टरकडे गेले का?

रामाकोन्याहून निघताना तुम्ही म्हणत होते, एवढीशी गाडी घाट चढणार नाही. चढली, बापूजी. एसी बंद करा लागला, एवढंच. आपल्या ऐपतीत हीच बसत होती, अन् आता मले तिच्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती तुमच्याबद्दल. मुलताईच्या पुढं टायर पंक्चर झालं. डिक्कीतली चटई उचलली, तर स्टेपनीच्या जागी संत्री! खाली गवत घालून अशी लावलेली, की हात तुमचाच, हे लगेच समजलं. तुमची सून चंचल रस्त्याच्या कडेले बसून हसून राहिली होती. मले काही हसू आलं नाही. नशीब, एका टेम्पोवाल्यानं चाकासकट मले पंक्चरच्या दुकानावर नेलं. पैसे घेतले नाही त्यानं, संत्री घेतली.

स्टेपनी गोठ्यात असेल. चंचल म्हणते, बापूजींनी मुद्दाम ठेवून घेतली, पोरगा ती न्यायले तरी येईल म्हणून. खरं का?

मायचे गुडघे कसे आहेत? बसचे धक्के तिले सोसत नाहीत. म्हणून होळीले मीच घ्यायले येतो. स्टेपनी डिक्कीत, अन् तुम्ही दोघं मागच्या सीटवर. यावेळी संत्र्यांले जागा नाही.

तुमचाच,
प्रफुल्ल